हात ठेवायला जागा

मावशीच्या गॅरेजात एक नियम होता: आधी नाक, मग कान, मग हात आणि सगळ्यांत शेवटी पाना. तिच्या धाकट्या भावाला हाच नियम उलटा पाठ होता. गाडी दारात थांबते न थांबते तोच त्याच्या हातात पाना आलेला असायचा. तू डॉक्टर झाला असतास तर शिंक आलेल्या माणसाचंही पोट फाडलं असतंस, असं मावशी त्याला चारचौघांत सुनवायची आणि तो हसून पाना खिशात टाकायचा. इंजिनाच्या कामात तो पक्का होता, म्हणून ती त्याला खपवून घेत होती. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र तिचे एकटीचे. आसपास ते उघडून पुन्हा जसेच्या तसे जोडणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट कुणी विसरू नये याची काळजी ती स्वतःच घ्यायची.

तिला सगळेच मावशी म्हणत, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. एकदा मावशी म्हटलं की गिऱ्हाइकाला बोलणी खायचा हक्क आपोआप मिळतो, असं तिचं मत होतं.

त्या दिवशी सकाळी काचवाल्यांची पिकअप आली. गाडी जुनी, ऑटोमॅटिक, रंग उडालेला, पण अंगावर एक पोचा नाही. मागच्या हौद्यात काच उभी करून न्यायची तिरकी लाकडी चौकट, तिला नमद्याच्या, दाबलेल्या जाड लोकरीच्या, पट्ट्या नीट शिवून लावलेल्या. ही गाडी मावशी ओळखत होती, कारण तिचे वडील हयात होते तेव्हापासून ती याच गॅरेजात येत होती. पण दर वेळी ती घेऊन येणारे म्हातारे काचवाले आज स्टिअरिंगच्या चाकावर नव्हते. त्यांचा मुलगा उतरला. तोही आता चाळिशी ओलांडलेला, कानशिलावर पांढरे केस आलेला, पण बापाच्या दुकानात अजून 'धाकटा'च.

धाकट्याने तक्रार सांगितली ती अशी. बाबा म्हणतात गाडी घसरते. वळणावर नाहीतर चढावर इंजिन ओरडतं, गाडी मात्र पुढे सरकत नाही, आणि मग एकदम असा झटका देऊन पकडते की मागची काच हादरते. आधी एका दुकानाची दर्शनी काच तडकली. परवा केशकर्तनालयाचा भिंतभर आरसा नेताना तोही कोपऱ्यापासून उभा चिरला. पण गंमत म्हणजे धाकटा स्वतः चालवतो तेव्हा गाडीला काही म्हणजे काही होत नाही. त्याने मुद्दाम चारदा फिरवून पाहिली होती.

पुढचं त्याने जरा खाली बघत सांगितलं. गिअरबॉक्स गेला असेल तर गाडी भंगारात जाईल आणि बाबा दुकानात बसतील. गिअरबॉक्स चांगला असेल तर मग चूक बाबांची, आणि तरीही बाबा दुकानातच बसतील. म्हणजे निकाल आधीच लागला होता, खटला तेवढा चालवायचा राहिला होता. मावशीने तसं तोंडावर म्हटलंही. त्यावर धाकटा म्हणाला की आरशाचं दुःख नाही, आरसा दुसरा कापता येतो. उद्या चौकात गाडीने अशीच उडी घेतली आणि समोर कुणी रस्ता ओलांडत असलं, तर काय कापून देणार? बाबांनी सत्तरी ओलांडली आहे. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. मावशी कामाला लागली.

आधी नाक. गाडी सपाट जागेवर घेतली, इंजिन गरम होऊ दिलं, गिअरचा दांडा एकेका खाचेतून फिरवून परत जागेवर आणला आणि इंजिन चालू ठेवूनच गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी बाहेर ओढली. निम्मं जग ही पट्टी इंजिन बंद करून बघतं आणि मग गिअरबॉक्सला शिव्या देतं, हे मावशीचं आवडतं वाक्य होतं. तेलाची पातळी बरोबर होती. पांढऱ्या फडक्यावर पट्टी पुसली तर लाल रंग जरासा तपकिरीकडे झुकलेला. फडकं नाकाशी धरलं तेव्हा किंचित, अगदी किंचित, काहीतरी तळाला लागल्यासारखा वास आला. गाडी जुनी, तेल जुनं, असं म्हणून तिने फडकं खिळ्याला अडकवलं.

मग कान. ब्रेक घट्ट दाबून क्षणभर ॲक्सिलरेटर दिला, इंजिनाचा आवाज जिथवर चढायला हवा तिथवरच चढला आणि थांबला. मग हात. गाडीखाली सरपटत जाऊन तिने तेलाच्या दाबाचा गेज जोडला आणि भावाला केबिनमध्ये बसवून एकेक गिअर टाकायला लावला. काटा प्रत्येक खाचेला सरळ उभा राहिला. शेवटी मागे वाळूची पोती टाकून ती स्वतः चाकावर बसली आणि धाकट्याला शेजारी घेऊन बाजारामागच्या चढावर दोन फेऱ्या मारून आली. गाडी तिच्या हाताखाली लोण्यासारखी चालली.

"गिअरबॉक्स धडधाकट आहे," ती उतरताना म्हणाली. "लिहून घे माझ्याकडून."

धाकट्याने सुस्कारा सोडला. त्यात सुटका किती आणि वाईट वाटणं किती हे त्यालाही सांगता आलं नसतं. "म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं," तो म्हणाला, आणि मावशी हसली. ते हसणं तिला पुढे दिवसभर सलत राहिलं.

गाडी गेली. भावाने तोवर एका रिक्षाचं इंजिन अर्धं सोडून ठेवलं होतं. दुपारचं जेवण झाल्यावर हात धुऊन मावशी पुसायला काहीतरी शोधत होती, तर हाताला तेच खिळ्यावरचं फडकं आलं. तेल वाळलं होतं. वास मात्र वाळला नव्हता. उलट तेलाचा ओला वास उडून गेल्यामुळे तो करपट वासच तेवढा मागे राहिला होता, आणि आता त्याला किंचित म्हणायची सोय नव्हती.

मावशी फडकं हातात धरून तशीच उभी राहिली. गिअरबॉक्सच्या आत पातळ पातळ चकत्या असतात. तेलाच्या दाबाने त्या एकमेकींना घट्ट धरतात आणि गाडी ओढतात. घट्ट धरलेली चकती घासत नाही. जी घासत नाही ती करपत नाही. म्हणजे ही गाडी घसरत होती. तिच्या हाताखाली नसेल, धाकट्याच्या नसेल, पण कुणाच्या तरी हाताखाली घसरत होती, आणि म्हातारा खरं बोलत होता.

भाऊ म्हणाला, ताई, तू धडधाकट म्हणालीस ना, मग विषय संपला. मावशीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मुकाट्याने डोकं रिक्षात घातलं. ती चिडली होती ती त्याच्यावर नव्हे. तिच्या वडिलांची एक रीत होती. दोष कुणालाही सापडो, गाडी चालवायची ती तक्रार करणाऱ्याने, आणि मेकॅनिकने बसायचं शेजारी. दुखणं ज्याचं त्यालाच ते दाखवता येतं, असं ते म्हणत. आज तक्रार करणारा आलाच नव्हता, आणि तो का आला नाही एवढंही तिने विचारलं नाही. स्वतःवर इतका भरवसा होता की बापाची रीत गेली वाऱ्यावर. आणि वर 'लिहून घे' म्हणून ठोकून दिलेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं ती गिऱ्हाइकांना म्हणायची. तिने एप्रन काढून भिरकावला आणि ती काचेच्या दुकानाकडे निघाली.

दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. समोर धाकटा नमदा लावलेल्या लांब टेबलावर काच आडवी टाकून पट्टी धरत होता. त्याच्या डोक्यामागच्या खिळ्यावर पिकअपची किल्ली लटकत होती. आधी ती म्हाताऱ्यांच्या खिशात असायची, त्यांच्या शर्टाचा खिसा तिच्या वजनाने कायमचा लोंबलेला होता. आज तो रिकामाच लोंबत होता. म्हातारे मागे एका स्टुलावर बसून आरशाच्या कडा ओल्या दगडाने घासत होते. पाण्याचा डबा पायाशी, गुडघ्यावर गोणपाट. भिंतीला टेकवलेल्या आरशांमध्ये ते इथूनतिथून दिसत होते आणि सगळीकडे खालीच बघत होते.

भाऊ सोडला तर जगात एकटे तेच मावशीला मावशी म्हणत नसत. त्यांनी तिला बापाचे पाने उचलून देताना पाहिलं होतं.

"पोरी, गाडी धडधाकट आहे म्हणालीस म्हणे," ते वर न बघता म्हणाले.

"म्हणाले."

"मग माझंच काहीतरी होत असणार." त्यांनी दगड पाण्यात बुडवला. "तू म्हणतेस म्हणजे तसंच असेल."

हा माणूस बंपरवरच्या एका ओरखड्यासाठी तिच्या वडिलांशी तासभर वाद घालायचा. वाद घातला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण त्यांनी स्वतःच्या आयुष्यभराच्या हातापेक्षा तिचा शब्द मोठा मानला होता आणि गुपचूप स्टुलावर येऊन बसले होते. मावशीला लाज वाटली, आणि लाज वाटली की तिला राग येतो. तिने सरळ टेबलाला वळसा घातला आणि खिळ्यावरच्या किल्लीला हात घातला.

धाकटा गडबडला. मावशी, तुम्हीच तर म्हणालात, असं काहीसं तो पुटपुटला.

"मी म्हणाले ते गाडी माझ्या हातात होती तेव्हाचं," मावशी म्हणाली. "यांच्या हातात असताना मी पाहिलीच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल तर तू दे, पण माझ्या नावावर नको."

म्हाताऱ्यांनी गोणपाट बाजूला ठेवलं. हात पुसले, पुन्हा पुसले, आणि मग किल्ली घेतली.

पहिली फेरी सुरेख झाली, आणि मावशीला नेमकी तीच नको होती. म्हाताऱ्यांची बैठक ताठ, दोन्ही हात चाकावर, नजर लांब. खड्डा येण्याआधीच त्यांचा पाय हलका व्हायचा. वळण घेतलं तर कळायचंही नाही. तोच चढ, तीच वळणं, आणि गाडी काही केल्या घसरेना. दोघं परत दुकानासमोर येऊन थांबली. दारात धाकटा उभा होता. त्याचा चेहरा म्हणत होता ते मावशीला ऐकू आलं.

मग म्हातारे आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मागे काच नाही ना. काच नसली की ती शहाण्यासारखी चालते."

मावशी म्हणणार होती की काका, मी काचेच्या दुप्पट वजनाची वाळू टाकून आले आहे, वजनाचा प्रश्न नाही. पण सकाळपासून तिच्या जिभेने पुरेसं नुकसान केलं होतं. ती खाली उतरली, आणि तिने धाकट्याला तो चिरलेला आरसाच चौकटीत चढवायला सांगितला. तसाही तो आता कुणाच्या कामाचा नव्हता.

आरसा चढला, दोर आवळले गेले. म्हाताऱ्यांनी हाताने एक गाठ दाबून पाहिली आणि चाकावर येऊन बसले. गाडी निघाली. गल्लीच्या तोंडाशी पहिला उंचवटा आला, आणि त्यांचा एक हात चाकावरून आपोआप सुटून दोन सीटच्या मधल्या दांड्यावर जाऊन विसावला. गोठ्यात परतलेलं जनावर आपल्या जागेवर उभं राहावं तसा तो तिथे बसला. म्हाताऱ्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

मावशी मात्र आता रस्त्याकडे बघतच नव्हती. ती त्या हाताकडे बघत होती. चढ लागला, वळण आलं, हाताचा भार जरा वाढला, आणि इंजिन ओरडलं. गाडी पुढे जाईना. घाबरून म्हाताऱ्यांनी दांडा आणखी घट्ट धरला आणि इंजिन आणखी ओरडलं.

"काका, हात उचला."

त्यांनी हात उचलला. गाडीने असा झटका देऊन पकड घेतली की मागे आरसा खणखणला.

"आता परत ठेवा."

हात ठेवला, गाडी घसरली. उचलला, पकडली. भर चढावर मावशी मोठ्याने हसत सुटली, आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवत राहिल्या तरी तिला थांबता येईना. सकाळच्या त्या हसण्याची परतफेड या हसण्याने झाली, असं तिचं तिलाच वाटलं.

गाडी तशीच गॅरेजात आली. धाकट्याला बोलावणं गेलं, तो धावतच आला. पिकअप जॅकवर चढवून मावशीने दोघा बापलेकांना खाली वाकायला लावलं आणि बॅटरीचा झोत टाकून दाखवलं. वरच्या दांड्यापासून एक सळई गिअरबॉक्सपर्यंत जाते. सळईच्या सांध्यात एक बुश असतो, म्हणजे सळई घट्ट धरणारं लहानसं कडं, बोटाच्या पेराएवढं. तो झिजून झिजून त्याचं भोक लांबट झालं होतं, आणि सळई त्यात डुगडुगत होती. वरून तळहाताचा भार पडला की सळई अर्धी खाच मागे सरकायची. आत तेलाला वाट करून देणारी झडप धड इकडे नाही, धड तिकडे नाही, अशी मध्येच लटकायची. दार अर्धवट उघडं राहिलं तर माणूस आत येणार कसा? तेलाचा दाब अर्धा, चकत्यांची पकड अर्धी, म्हणून घसरण. आणि गाडी घसरली की घाबरलेला माणूस काय करतो? हातातली वस्तू आणखी घट्ट धरतो. अखेर कधीतरी हात सुटतो, दार सताड उघडतं, आणि आतल्या चकत्या एकदम झेप घेतात.

सकाळी गेज लावला तेव्हा दांड्यावर हात कुणाचाच नव्हता. मावशी चालवते दोन्ही हातांनी, धाकटाही. ऑटोमॅटिक गाडीत दांड्यावर हात ठेवून बसायचं कुणाला काही कारणच नसतं. म्हाताऱ्यांना होतं. त्यांचं अर्धं आयुष्य जुन्या मालट्रकांवर गेलं होतं, जिथे एक हात चाकावर आणि एक गिअरवर हीच माणसाची बसायची पद्धत असते.

धाकट्याला अजून पुरतं पटलेलं दिसत नव्हतं. मग मावशीने त्यालाच चाकावर बसवलं, दांड्यावर हात टाकायला लावला, आणि बापाला गॅरेजच्या दारात उभं करून गाडी समोरच्या चढावर पाठवली. गाडी अर्ध्या चढावर ओरडत उभी राहिली. धाकटा परत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"तू अंगणाचं काहीतरी म्हणत होतास सकाळी," मावशी म्हणाली. "अंगण खरंच वाकडं निघालं. मीही हसले होते, तेव्हा दोघांनी मिळून ऐकून घेऊ."

धाकट्याने बापाकडे पाहिलं. बाबा, माझं चुकलं, असं तो म्हणाला. म्हाताऱ्यांनी मान हलवली, जणू विषय फार किरकोळ होता.

नवा बुश बसवायला वेळ लागला नाही. सळई नेमक्या खाचेवर जुळवली, तेल बदललं, आणि मावशीने स्वतःच्या हाताचा सगळा भार दांड्यावर टाकून चढ चढून दाखवला. गाडी जराही घसरली नाही. इथे काम संपायला हवं होतं. पण मावशीला अर्धवट खरं सांगायची सवय नव्हती, आणि आजच्या दिवशी तर मुळीच नाही.

तिने सांगितलं की चकत्या थोड्या करपल्या आहेत. सांभाळून वापरल्या तर अजून खूप चालतील, पण पुन्हा घसरल्या तर माफ करणार नाहीत. दांड्यावर असाच हात ठेवत राहिलात तर हा बुशही तसाच झिजेल. तेव्हा काका, यापुढे दांड्यावर हात ठेवायचा नाही.

धाकट्याने किल्ली पुढे केली होती. म्हाताऱ्यांनी ती घेतली नाही.

"मग हात कुठे ठेवू?" ते म्हणाले.

चाकावर, जसे सगळे ठेवतात, धाकटा घाईने म्हणाला. म्हाताऱ्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना बोलायला वेळ लागला, कारण ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखी आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"काच एकदम फुटत नाही," ते म्हणाले. "आधी थरथरते. मागे तिची थरथर सुरू झाली की मला इथे कळतं." त्यांनी तळहात उघडून दाखवला. "मग मी पाय उचलतो. चाक काही सांगत नाही, चाक फक्त रस्त्याचं बोलतं. काच मागे असताना मी रिकामा हात घेऊन नाही बसू शकत. ते आंधळ्यासारखं होईल. त्यापेक्षा तूच चालव."

गाडी बरी झाली होती, मुलाचं मन वळलं होतं, किल्ली समोर आली होती, आणि म्हातारा आपण होऊन स्टुलाकडे परत निघाला होता. तोही रागाने नव्हे. जे आपल्याला धड करता येणार नाही ते करायचं नाही, या हिशोबाने. मावशीला तो हिशोब नको तितका चांगला कळला. तिच्या नाकावर कुणी कापड बांधलं असतं आणि आता गाडी तपास म्हटलं असतं, तर तिनेही एप्रन काढून ठेवला असता.

पण ती मावशी होती. हातावर हात ठेवून बसणं तिच्या कुंडलीत नव्हतं. ती तडक मागच्या भंगाराच्या ढिगाकडे गेली. तिथून आधी एक जुना सायलेन्सर बाहेर पडला, मग एक फुटकी बादली, मग भावाच्या नावाने दोन शिव्या, आणि मग ती एका जुन्या मालट्रकचा गिअरचा दांडा घेऊन आली. लोखंड गंजलेलं, पण वरचा गोळा हातांनी झिजून गुळगुळीत झालेला.

"पाना आण," तिने भावाला फर्मावलं.

आयुष्यात पहिल्यांदा ताईने आपण होऊन पाना मागितला, म्हणून भाऊ क्षणभर बघतच राहिला. मग दोघं गाडीखाली शिरले. मागच्या चौकटीचे बोल्ट गाडीच्या ज्या सांगाड्याला, चासीला, आवळलेले होते, त्याच चासीच्या पट्टीवर त्यांनी लोखंडाचा एक जाड तुकडा बसवला, केबिनच्या तळाला भोक पाडलं, त्याला रबराची कॉलर लावली, आणि खऱ्या दांड्याच्या शेजारी, म्हाताऱ्यांच्या हाताच्या अंतरावर, तो जुना दांडा वर काढून घट्ट आवळला.

धाकट्याने वाकून पाहिलं. त्याला काही केल्या उलगडा होईना. "हा कशाला जोडलाय, मावशी?"

"कशालाच नाही," मावशी म्हणाली. "काचेला."

म्हातारे चाकावर बसले. हात उचलून त्यांनी त्या गोळ्यावर ठेवला. डोळे मिटून घेतले. मागे तो चिरलेला आरसा अजून चौकटीत उभाच होता. मावशीने मागे जाऊन बोटाच्या पेराने आरशावर हलकेच टिचकी मारली. केबिनमध्ये म्हाताऱ्यांनी मान डोलावली. तिने दुसऱ्या कोपऱ्यावर आणखी हलकी टिचकी मारली. त्यांनी पुन्हा मान डोलावली, आणि या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी धाकट्यापुढे पसरला. धाकट्याने त्यावर किल्ली ठेवली.

केशकर्तनालयाचा नवा आरसा दोन दिवसांनी त्याच गाडीतून गेला. बाप चाकावर, मुलगा शेजारी. आरसा भिंतीवर चढल्यावर धाकटा मुद्दाम गॅरेजात सांगायला आला. उंचवट्यावर त्याला स्वतःला काही जाणवलं नव्हतं, तरी बाबांनी गाडी थांबवून एक दोर पुन्हा आवळायला लावला. दोर खरंच सैल झाला होता. हे सांगताना तो मावशीशी कमी आणि स्वतःशी जास्त बोलत होता.

पुढे थंडी सरताना म्हातारे आजारी पडले, साधा खोकलाच, पण आठवडाभर अंथरुणात होते. तेवढ्यात तेल बघायची पाळी आली म्हणून पिकअप धाकटा घेऊन आला. मागे चौकटीत दोन मोठ्या काचा उभ्या होत्या, त्या पोचवायला तो इथूनच जाणार होता. मावशीने पट्टी पुसली, फडकं नाकाशी धरलं, पुन्हा धरलं, मग थोडं वाळू दिलं आणि तिसऱ्यांदा धरलं. वास नव्हता. तिने हाताने जा म्हणून खूण केली.

धाकट्याने गाडी वळवून रस्त्याला लावली. गॅरेजसमोरच्या उंचवट्यावर गाडी चढली, तसा त्याचा एक हात चाकावरून सुटला आणि त्या कशालाच न जोडलेल्या दांड्यावर जाऊन बसला. मावशी दारातून बघते आहे हे त्याने पाहिलं. हात त्याने तिथेच राहू दिला. थोडं पुढे जाऊन त्याने गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि मागे जाऊन दोर आवळू लागला.